ससाण्यांचा डोंगर

शरद ऋतू लागला की उत्तर अमेरिकेतील अनेक शिकारी पक्षी दक्षिणेकडे प्रयाण करतात. हे स्थलांतर पाहण्याचे एक प्रसिद्ध स्थान म्हणजे पेन्सिल्व्हेनिया राज्यातील 'हॉक माउंटन', अर्थात ससाण्यांचा डोंगर होय.

पक्षी याच वाटेने का जातात? वायव्येकडील वारा डोंगराच्या लांबच लांब रांगेवर आदळून वर चढतो. त्या वाऱ्यावर पक्ष्यांना पंख फारसे न हलविता दूरवर तरंगत जाता येते. तसेच उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचे स्तंभ वर चढतात. सप्टेंबरच्या मध्यास रुंद पंखांचे ससाणे थव्याथव्यांनी त्यांत घिरट्या घालीत उंच जातात व तेथून पुढील स्तंभाकडे उतरत जातात. अशा रीतीने त्यांची शक्ती वाचते.

परंतु हीच वाट एके काळी त्यांच्या जिवावर बेतली होती. शिकारी पक्षी उपद्रवी आहेत, या समजुतीने लोक डोंगरमाथ्यावर बसून त्यांना गोळ्या घालीत. १९३४ साली रोझली एज या बाईंनी तो डोंगर भाडेपट्ट्याने घेतला व मॉरिस ब्राउन यांस रक्षक नेमले. बंदुका थांबल्या, आणि ब्राउन पक्षी मोजू लागले.

या मोजणीचे महत्त्व पुढे कळले. बाल्ड ईगल जातीचा तरुण गरुड गडद रंगामुळे दुरूनही ओळखता येतो. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांत असे तरुण पक्षी शेकडा ४० होते; १९५५ ते १९५९ मध्ये ते शेकडा २० उरले. १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच तरुण दिसला. म्हणजे नवी पिढी वाढत नव्हती. रेचेल कार्सन यांनी १९६२ सालच्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात हे आकडे मांडले. डीडीटी या कीटकनाशकाने अंड्यांची कवचे पातळ होतात, हे पुढे सिद्ध झाले. १९७२ साली अमेरिकेत त्याच्या शेतीतील वापरास बंदी झाली व गरुडांची संख्या पुन्हा वाढली.

शिक्षकांनी यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. एका दिवसाचा आकडा फारसे काही सांगत नाही. अनेक वर्षांची नोंद सांगते. शाळेजवळील एखादी जागा निवडावी. मुलांनी रोज ठरावीक वेळी तेथील पक्षी मोजून वहीत लिहावेत. एकही न दिसल्यास शून्य लिहावे, कारण शून्य हीदेखील नोंदच आहे. वर्षअखेर ती वही पुढील वर्गाच्या हाती द्यावी.