जपानांतील उष्णोदकें आणि भाषाभ्यास

पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतून हल्लीं एखादा मुलगा अगर मुलगी जपानी भाषा शिकत असलेली आढळते. व्याकरण पाठ असतें, परीक्षेच्या दोनचार पायऱ्याहि चढून झालेल्या असतात. आणि तरी त्या देशांत पाऊल ठेवल्यावर पहिल्याच संध्याकाळीं यजमानीणबाईंचें एक वाक्य धड उमगत नाहीं. शब्द कोशांत सांपडतो. पण तो कोणी, कोणास, कोणत्या वेळीं उच्चारावयाचा, हें कोशांत कोठून असणार? ह्या शिक्षणास जपानांत एक उत्तम जागा आहे, ती म्हणजे तेथील उष्णोदकांच्या कांठच्या जुन्या पांथशाळा.

कोंकणांत ज्यास 'उन्हाळें' म्हणतात त्यास जपानींत 'ओन्सेन' हें नांव आहे. देश ज्वालामुखींचा, त्यामुळें अशीं उन्हाळीं तेथें हजारोंनीं आहेत. १९४८ च्या कायद्यानें त्यांची व्याख्याहि ठरविली आहे : भूमींतून निघतांना पाणी निदान २५ अंश उष्ण असावें, अगर त्यांत ठराविक द्रव्यें ठराविक प्रमाणांत असावीं. जवळच्या जुन्या धर्तीच्या पांथशाळेस 'ऱ्योकान' म्हणतात. यामानाशी प्रांतांतील केइउन्कान ही पांथशाळा ७०५ सालीं स्थापन झाली असें मानितात.

पहिला धडा स्नानगृहाच्या दाराशींच मिळतो. तेथें कापडी पडदा लोंबत असतो व त्यावर बहुधा एकच अक्षर असतें. एका दारावर पुरुषवाचक, दुसऱ्यावर स्त्रीवाचक. पुरुषवाचक अक्षरांत वर 'शेत' आणि खालीं 'बळ' अशीं दोन चिन्हें आहेत, हें ज्यानें एकदां ध्यानांत घेतलें तो फसत नाहीं. पडद्याच्या रंगावर किंवा जागेवर मात्र विसंबूं नये. दोन्ही स्नानगृहांचा लाभ सर्वांस व्हावा म्हणून पुष्कळ ठिकाणीं रात्रीं अगर पहांटे पडद्यांची अदलाबदल करितात. कालच्याच दारानें आज डोळे मिटून शिरणाऱ्याची जी फजिती होईल तिचें वर्णन न केलेलेंच बरें.

आंत वस्त्र नेण्याची चाल नाहीं. आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींस हें ऐकून संकोच वाटेल. त्यांच्यासाठीं कित्येक पांथशाळांतून 'काझोकुबुरो', म्हणजे कुटुंबापुरतें वेगळें स्नानगृह, कांहीं वेळ राखून देतात. कुंडांत उतरण्यापूर्वीं बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावें लागतें, व हें सोंवळें तेथें फार कडक आहे. येथेंच आणखी एक गोष्ट कळते. थंड पाणी तें 'मिझु' आणि ऊन पाणी तें 'यु'. 'मिझु' ह्या शब्दास 'ऊन' हें विशेषण जोडून काम भागत नाहीं. स्नानानंतर नेसावयाच्या 'युकाता' नामक सुती झग्याची डावी बाजू उजवीवर यावी. उलट नेसविणें तें प्रेतास.

पण खरी शाळा भरते ती गृहस्वामिनीच्या बोलण्यांत. मराठींत 'जेव, जेवा, जेवावें' असा धातु एकच राहून प्रत्यय बदलतो. जपानींत धातूच बदलतो. साधें जेवणें तें 'ताबेरु', पाहुण्याचें जेवणें तें 'मेशिआगारु', आणि स्वतःचें नम्रपणें सांगावयाचें तर 'इतादाकु'. पाहुण्यासाठीं येणें, जाणें, असणें ह्या तिन्ही क्रियांस 'इराश्शारु' हा एकच आदरार्थी धातु चालतो. दारांतला 'इराश्शाइमासे' त्यांतलाच. शिकाऊ मनुष्य उत्साहाच्या भरांत तोच शब्द परत म्हणतो, तें योग्य नव्हे. पाहुण्यानें 'ओसेवा नि नारिमासु', म्हणजे आपणांस तसदी देत आहों, एवढें म्हणावें. पाहुण्याची भाषा व यजमानाची भाषा वेगळी आहे, हें वर्गांत शंभरदां सांगून जें ठसत नाहीं तें येथें एका रात्रींत ठसतें.

संस्कृत जाणणारास आणखी मौज वाटेल. पांथशाळेचा दर 'इप्पाकु-निशोकु', म्हणजे 'एक रात्र, दोन जेवणें', असा सामासिक शब्दांत सांगतात. त्यांत 'इचि' अधिक 'हाकु' ह्यांचें 'इप्पाकु' होतें. दोन रात्रींचें 'निहाकु', पण तिनांचें 'साम्पाकु'. हा आपला संधिविचारच नव्हे काय? जपानी वर्णमालेचा क, स, त, न, ह, म, य, र, व हा क्रमहि बौद्ध भिक्षूंच्या संस्कृताध्ययनांतूनच ठरलेला आहे.

भोजनाविषयीं थोडक्यांत इतकेंच कीं, शाकाहारी मनुष्यानें जागा ठरवितांनाच स्पष्ट कळवावें. भाजीच्या रश्शांतहि 'दाशि' नांवाचें पाणी असतें, आणि तें बहुधा मत्स्याचें असतें.

जाण्यापूर्वीं वाचावयाचें पुस्तक म्हणून आम्ही नात्सुमे सोसेकी ह्यांची 'बोच्चान' ही १९०६ ची कादंबरी सुचवूं. शिक्षकी पेशामुळें आमचा तिजकडे थोडा पक्षपात आहे, हें खरें. सोसेकी १८९५ सालीं मात्सुयामा येथें इंग्रजी शिकवीत होते. तेथील दोगो उन्हाळ्यावरची १८९४ ची तीन मजली लांकडी इमारत अद्याप उभी आहे. कादंबरींतील तरुण शिक्षकास कुंडांत पोहण्याची खोड असते. एके दिवशीं तेथें पोहण्यास मनाई करणारी पाटी लागते, आणि शाळेंत जाऊन पाहतो तों फळ्यावरहि तीच मनाई! विद्यार्थ्यांच्या तोंडची स्थानिक बोली त्यांत भरपूर आहे. पुस्तकी जपानी व गांवची जपानी ह्यांतील अंतर तेथें चांगलें दिसतें.

संध्याकाळीं पाहुणे लांकडी खडावा घालून गांवांत फेरफटका करावयास निघतात. तेव्हां दाराशीं उभी असलेली बाई म्हणते, 'इत्ते इराश्शाइमासे'. शब्दशः अर्थ, जाऊन या. पाहुण्यानें उत्तर द्यावयाचें, 'इत्ते किमासु', जाऊन येतों. मराठी घरांतल्या मुलास हा प्रयोग समजावून देण्याची आवश्यकता पडत नाहीं.