पळस्प्याच्या फाट्यावर ‘न दिसणारा’ दुचाकीस्वार

पावसाळा सरून आभाळ निवळले, की शनिवार-रविवारच्या पहाटे पळस्पे फाट्यावर मोटरसायकलींचे ताफे दिसू लागतात. मागे बांधलेल्या बॅगा, गुडघ्यांना संरक्षक पट्टे आणि मनात कोकणाची किंवा घाटमाथ्याची ओढ. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर दुचाकींना मज्जाव आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूवरही त्यांना प्रवेश नाही. साहजिकच पुण्याला जायचे असो वा गोव्याला, मुंबई-ठाण्याकडील बहुतेक दुचाकीस्वारांची वाट पनवेल ओलांडून पळस्प्यालाच येते. सहलीचा खरा आरंभ येथे होतो आणि सहलीतील पहिली कसोटीही येथेच लागते.

कारण हा फाटा एकट्या सहलकरूंचा नाही. जुना मुंबई-पुणे महामार्ग येथून खोपोलीकडे जातो. पूर्वी ‘सतरा क्रमांकाचा’ म्हणून ओळखला जाणारा आणि आता ६६ हा क्रमांक धारण करणारा मुंबई-गोवा महामार्ग येथून कर्नाळ्याच्या दिशेने निघतो. न्हावा-शेवा बंदराकडून कंटेनर वाहून आणणारा रस्ताही येथेच येऊन मिळतो. रात्रभर गाडी हाकून पेंगुळलेला ट्रेलरचालक, गावाकडे निघालेले मोटारीतील कुटुंब, थांब्याकडे वळणारी एस.टी., प्रवासी शोधणारी रिक्षा आणि न्याहारीसाठी उपाहारगृहासमोर अचानक वेग कमी करणारी गाडी, अशी नाना तऱ्हेची वाहतूक येथे एकमेकांची वाट छेदते. प्रत्येकाचे लक्ष आपापल्या वळणावर असते. या गर्दीत सर्वांत अरुंद आणि सर्वांत असुरक्षित वाहन असते ते दुचाकी.

रस्ते अपघातांत देशभरात २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. बेफाम वेग, मद्यपान, हेल्मेटचा अभाव ही कारणे सर्वपरिचित आहेत. मात्र नियमाने आणि बेताच्या वेगाने चाललेल्या दुचाकीस्वारालाही अपघात होतो, तेव्हा धडक देणाऱ्या चालकाच्या तोंडी बहुधा एकच वाक्य असते: ‘तो मला दिसलाच नाही.’ ऐकणाऱ्याला ही शुद्ध सबब वाटते. पुष्कळदा ती खरी असते, आणि म्हणूनच अधिक भयावह आहे.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे नऊशे मोटरसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल आजही या विषयातील पायाभूत मानला जातो. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश प्रसंगांत त्या वाहनाच्या चालकाने मोटरसायकलचा मार्गहक्क मोडला होता, असे त्यांना आढळले. समोरून येणारे वाहन मोटरसायकलच्या वाटेत आडवे वळणे, हा त्यातील नेहमीचा प्रकार होता. युरोपातील पाच देशांत ९२१ अपघातांचा असाच बारकाईने अभ्यास झाला. त्यात निम्म्या अपघातांचे मुख्य कारण दुसऱ्या चालकाची चूक हे निघाले, आणि या चुकांपैकी ७० टक्क्यांहून अधिक चुका ‘मोटरसायकल ध्यानातच न येण्याच्या’ होत्या. देश बदलले, दशके लोटली, तरी निष्कर्ष बदलला नाही.

पाहूनही न दिसणे

असे का घडते, याचे उत्तर डोळ्यांच्या आणि मेंदूच्या रचनेत आहे. माणसाला सुस्पष्ट दिसते ते दृष्टीच्या मध्यभागी असलेल्या अगदी लहान भागात. हात लांब करून अंगठा धरला, तर त्याच्या नखाएवढाच तो भाग असतो. उरलेले चित्र मेंदू अंदाजाने पूर्ण करतो. चौकात चालक डावी-उजवीकडे झरकन मान फिरवतो तेव्हा त्याची नजर सलग फिरत नाही. ती एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर उडी मारते, आणि त्या उडीच्या क्षणापुरते मेंदू दृश्य टिपणे थांबवतो. ट्रक दोन-तीन बिंदू व्यापतो, त्यामुळे तो निसटत नाही. मोटरसायकल मात्र दोन बिंदूंच्या मधोमध सहज हरवते.

दुसरे कारण आकाराचे. लहान वस्तू दूर आहे आणि हळू येत आहे, असा भास होतो. एकाच अंतरावरून एकाच वेगाने ट्रक आणि मोटरसायकल येत असतील, तर चालक ट्रकसाठी थांबेल, पण मोटरसायकलपुढून ‘निघून जाऊ’ असे त्याला वाटेल. त्यातच सरळ अंगावर येणारी मोटरसायकल पाहणाऱ्याच्या दृष्टिक्षेत्रात जागा बदलत नाही, फक्त किंचित मोठी होत जाते. ती जवळ आल्याचे उमगते तोवर उशीर झालेला असतो. मोटारीच्या पुढच्या काचेच्या कडेला असलेला खांब ही आणखी एक आडकाठी. पंधरा-वीस मीटरवरची अख्खी मोटरसायकल त्या खांबाआड लपू शकते.

तिसरे कारण अपेक्षेचे. मन जे शोधत असते तेच डोळ्यांना सापडते. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी केलेल्या प्रयोगात चेंडूची देवाणघेवाण मोजण्यात गुंतलेल्या सुमारे निम्म्या प्रेक्षकांना पडद्यावर मधोमध येऊन गेलेला गोरिलाचा वेश केलेला माणूस दिसलाच नव्हता. फाट्यावर ट्रेलर आणि एस.टी. यांच्यातील फट शोधणाऱ्या चालकाचे असेच होते. मोटरसायकल त्याच्या हिशेबातच नसते.

मोबाइलचे तीन सेकंद

या नैसर्गिक मर्यादेत अलीकडे मोबाइलची भर पडली आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. पडद्यावर आलेला संदेश वाचण्यात तीन सेकंद गेले, तर ती सुमारे ६७ मीटर आंधळेपणाने धावलेली असते, म्हणजे एस.टी.च्या सहा बस एकामागे एक उभ्या केल्यावर होईल तेवढी लांबी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, वाहन चालवताना हातात धरून मोबाइल वापरणे धोकादायक वाहनचालनात मोडते. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तथापि, कायद्याचा हात पोहोचतो तो बहुधा अपघातानंतर. दुचाकीस्वाराला उपाय हवा असतो त्या तीन सेकंदांत.

अदृश्य आहोत असे समजून

तो उपाय एका गृहीतकात सामावला आहे: आपण कोणालाही दिसत नाही. हे गृहीत धरले की चालवण्याची रीतच बदलते. फाटा जवळ आला की वेग आधीच उतरतो आणि बोटे ब्रेकवर येतात. या तयारीचे मोल हिशेबाने कळते. कोरड्या रस्त्यावर धोका उमगून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगात थांबायला साधारण ४८ मीटर लागतात. वेग ८० असेल, तर तेच अंतर सुमारे ७४ मीटर होते. वेग एक तृतीयांशाने वाढला, अंतर मात्र निम्म्याहून अधिक वाढले.

आडव्या रस्त्यावर थांबलेल्या मोटारीच्या चालकाशी नजरानजर झाली, म्हणजे त्याने आपल्याला पाहिले, असा समज धोक्याचा आहे. त्याची नजर आपल्या आरपार मागच्या ट्रककडे असू शकते. त्यापेक्षा मोटारीचे पुढचे चाक पाहावे. चालकाचा हेतू चेहऱ्यावर दिसण्याआधी चाकाच्या पहिल्या हालचालीत दिसतो. आपल्याच मार्गिकेत किंचित डावी-उजवीकडे सरकत जाणेही उपयोगी ठरते. स्थिर ठिपक्यापेक्षा हलणारा ठिपका डोळ्याला लवकर खुणावतो. प्रत्येक क्षणी ‘आता हा आडवा आला, तर मी कुठे जाणार?’ या प्रश्नाचे उत्तर तयार असावे. बाजूला मोकळी जागा नसेल, तर उरतो तो केवळ वेग कमी करण्याचा मार्ग.

पळस्प्यावर कंटेनर ट्रेलरचा विचार वेगळा करावा लागतो. उंच केबिनमध्ये उजवीकडे बसलेल्या चालकाला डाव्या बाजूचा, अगदी पुढचा आणि थेट मागचा बराच भाग दिसत नाही. आपल्याला त्याचा आरसा दिसत नसेल, तर त्याला आपण दिसत नाही, ही साधी खूण. डावीकडे वळताना लांब ट्रेलर आधी उजवीकडे झुकतो. तेव्हा डावीकडे मोकळी वाटणारी जागा हा सापळा असतो, कारण मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेने न येता आतल्या बाजूने कापत येतात. त्या फटीत शिरलेल्या दुचाकीला बाहेर पडायला वाट उरत नाही. म्हणून ट्रेलरच्या शेजारी रेंगाळू नये. एक तर पुरेशी जागा पाहून उजवीकडून निर्धाराने पुढे जावे, नाही तर मागे राहावे.

सूर्य, पाऊस आणि रस्ता

सकाळी खोपोलीकडे निघालेल्या स्वाराच्या समोर सूर्य असतो. त्याच्या मागून येणाऱ्या चालकाचेही डोळे त्याच सूर्याने दिपलेले असतात, आणि दुचाकीचा तांबडा दिवा त्या झगमगाटात विरून जातो. संध्याकाळी परतताना हीच स्थिती पुन्हा येते. यावर सोपी खूणगाठ अशी: सावली मागे पडत असेल, तर मागून येणारा दिपलेला आहे, सावली पुढे पडत असेल, तर समोरून येणारा.

पावसाळ्यात मोटारीच्या काचा धूसर होतात, आरशांवर थेंब साचतात आणि ट्रेलरच्या चाकांमागे पाण्याच्या तुषारांची भिंत उभी राहते. पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल वर येऊन पृष्ठभाग निसरडा होतो. कोरड्या रस्त्यावर पुढच्या वाहनापासून दोन सेकंदांचे अंतर पुरेसे असेल, तर पावसात ते दुप्पट हवे. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या कित्येक मुदती उलटल्या. खड्डे, वळणमार्ग आणि अर्धवट कामे यांचा जाच या रस्त्याने वर्षानुवर्षे दिला. खड्डा चुकवायला दुचाकीस्वार एकाएकी बाजूला होतो आणि मागच्याला ते अनपेक्षित असते. म्हणजे रस्ता नीट ठेवणे हादेखील दुचाकीस्वार ‘दिसण्याचाच’ एक भाग आहे.

पोशाखाचा प्रश्नही केवळ हौसेचा नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड परिसरातील २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चमकदार किंवा प्रकाश परावर्तित करणारे कपडे घालणाऱ्या स्वारांना इजा होणाऱ्या अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी, तर काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट वापरणाऱ्यांना २४ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्याकडील सहलकरूंत मात्र नखशिखांत काळ्या पोशाखाची आवड मोठी. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. दिवसा दिवा सुरू असल्याचे हातवारे करून सांगणाऱ्यांना हे ठाऊक नसते. जुनी गाडी असेल, तर तो दिवा आपण होऊन लावावा.

ताफ्याचे भान

गटाने जाताना धोक्याला मोहाची जोड मिळते. पुढचे चार जण फाटा ओलांडून गेले, की पाचव्याला मागे राहणे नकोसे वाटते. समोरच्या मोटारचालकाला मात्र ‘ताफा संपला’ असे वाटून तो नेमका तेव्हाच वळतो. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवावे, की फाट्यावर कोणी कोणासाठी धावायचे नाही. एकत्र जमण्याची जागा फाट्यावर नव्हे, तर तो मागे टाकल्यावर, रस्त्यापासून दूर असावी. सर्वांत अनुभवी स्वारांपैकी एकाने शेवटी राहावे. मोकळ्या रस्त्यावर एक डावीकडे, पुढचा उजवीकडे अशी तिरकी रांग ठेवली, की प्रत्येकाला ब्रेकपुरती जागा मिळते आणि ताफा ठळक दिसतो. कर्नाळ्याच्या वळणांत मात्र ही रांग मोडून एकामागे एक जावे.

हक्क आणि जीव

हे सारे सांगितल्यावर एक आक्षेप रास्तपणे उभा राहतो. चूक दुसऱ्याची आणि काळजी मात्र दुचाकीस्वाराने घ्यायची, हा कुठला न्याय? आक्षेप खरा आहे. मोटारचालकाने वळण्यापूर्वी एकदा नव्हे, दोनदा पाहावे. काचेच्या खांबाआडचे दिसावे म्हणून मान थोडी पुढे-मागे करावी. मोबाइल आवाक्याबाहेर ठेवावा. वाहतूकदारांनी चालकाला झोप मिळेल अशा फेऱ्या आखाव्यात. रस्ता बांधणाऱ्यांनी फाट्यावर दिवे, स्पष्ट पट्टे आणि फलक द्यावेत. अपघात झालाच, तर पाहणाऱ्यांनी जखमीला मदत करावी. कायद्याच्या कलम १३४ अ ने सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

पण न्याय मिळतो तो न्यायालयात, आणि तिथवर पोहोचायला जिवंत राहावे लागते. मार्गहक्क आपलाच होता, हे पंचनाम्यात सिद्ध झाल्याने मोडलेला पाय सांधत नाही. अदृश्य असल्याचे गृहीत धरणे म्हणजे दुसऱ्याची चूक माफ करणे नव्हे. ती चूक आपल्या जिवावर बेतू न देणे होय. पळस्प्यावरून निघणारी वाट गोव्याच्याही पुढे पार कन्याकुमारीपर्यंत जाते. तिथवर जाण्याची उमेद बाळगणाऱ्याने या फाट्यावर दोन मिनिटे उशीर सोसला, तर त्याचे काहीच बिघडत नाही. रविवारी रात्री घरचा दरवाजा उघडणाऱ्या माणसाला त्या दोन मिनिटांचे मोल विचारावे.