मार्केट शब्दाचे गणगोत

झाशीच्या जुन्या शहरात बडा बाजार आहे, छावणीत सदर बाजार आहे आणि रेल्वेच्या बाजूला सीपरी बाजार आहे. १७४२ मध्ये पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर झाशीत आले. त्यांनी शहराची वस्ती वाढवली आणि पुढे मराठी कुटुंबे तिथलीच झाली. त्यांना शेजाऱ्यांकडून ‘बाजार’ हा शब्द शिकावा लागला नसेल. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत आधीच रुळला होता.

इंग्रजांचा नेहमीचा शब्द मात्र ‘मार्केट’. आपल्याला तो सोपा वाटतो, पण फसवतोही. एखादा इंग्रज आपण घराच्या मार्केटमध्ये आहोत असे म्हणाला, तर तो कुठल्याही बाजारात उभा नसतो. त्याला घर विकत घ्यायचे असते. एखाद्या मालाला मार्केट नाही, म्हणजे गिऱ्हाईक नाही. मार्केट गार्डन ही बाजारालगतची बाग नव्हे. विक्रीसाठी भाजीपाला पिकवतात ती जमीन. फ्ली मार्केट म्हणजे शब्दशः पिसवांचा बाजार. प्रत्यक्षात तिथे जुन्या वस्तू विकतात. शेअर बाजारातला बैल म्हणजे तेजीवाला आणि अस्वल म्हणजे मंदीवाला. हाच शब्द क्रियापद झाला की माल खपवण्याची सारी खटपट त्यात येते.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘मर्क्स’ म्हणजे विक्रीचा माल. मर्चंट आणि कॉमर्स ही त्याचीच मुलेबाळे. मजुरी किंवा मोबदला या अर्थाचा ‘मर्सेस’ हा लॅटिन शब्दही त्याच घराण्यातला. त्यातून पैशासाठी लढणारा ‘मर्सिनरी’ आला आणि दया या अर्थाचा ‘मर्सी’ही आला! परतफेडीची आशा न ठेवता दया करणाऱ्याला देवाघरी मोबदला मिळतो, या ख्रिस्ती कल्पनेने मजुरीची दया झाली. फ्रेंच माणूस आभार मानताना ‘मेर्सी’ म्हणतो, तो याच शब्दाचा सख्खा भाऊ.

इकडे आपला बाजार विलायतेला गेला. १८१६ मध्ये लंडनमध्ये जॉन ट्रॉटर यांनी सोहो बाजार सुरू केला. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत मारल्या गेलेल्या अधिकाऱ्यांच्या विधवा आणि मुलींना हाताने केलेल्या वस्तू विकता याव्यात, हा त्यामागचा हेतू. पुढे धर्मादाय कामासाठी भरवलेल्या विक्रीलाही इंग्रजीत बाजार म्हणू लागले.

आणि मराठीत? फौजेबरोबर चालणाऱ्या बिनलढाऊ लोकांना ‘बाजारबुणगे’ म्हटले गेले. पानिपताची गोष्ट सांगताना आजही हा शब्द तुच्छतेने उच्चारतात. त्या बुणग्यांत फौजेला दाणागोटा पुरवणारेही होते, हे सहसा आठवत नाही. ‘बाजारू’ ही तर शिवीच. लेखन बाजारू म्हटले की ते हलके ठरते. बाई बाजारू म्हटली की तिची अब्रूच जाते. माल विकणारा पुरुष मात्र व्यापारी, शेठ, सावकार! ज्या टोपल्यांवर कित्येक घरांची चूल पेटते, त्या घेऊन बसणाऱ्या बायका आठवडे बाजारात सगळीकडे दिसतात. त्यांच्या कष्टाच्या जागेचे नाव शिवीत का जावे?

तरी मराठीने एक शब्द असा जपला आहे, की त्यात बाजार आणि मन एकत्र नांदतात. तो शब्द म्हणजे ‘भाव’. वांग्यांना भाव असतो आणि भक्तालाही. भाव करतात, भाव पडतो, कुणी उगाच भाव खातो आणि भाव तेथे देवही असतो. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना या शब्दाचा दुसरा अर्थही आठवावा. त्या दोन रुपयांत तिची मजुरी असते, आणि ती देणे ही काही दया नव्हे.