पेशी वाढल्या, पण त्या काम करतील का?

भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं. आता टाटाचं ट्रान्सप्लांट युनिट खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे. आम्हा मानखुर्दकरांना हार्बर लोकलने खाडी ओलांडली की जवळच. तर आजचा विषय ट्रान्सप्लांटनंतरचा.

नवा मॅरो रुजतो, पण कधीकधी दात्याच्या टी पेशी रुग्णाच्याच शरीराला परकं समजतात. त्वचा, आतडी, यकृत यांच्यावर हल्ला होतो. हा ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज, म्हणजे जीव्हीएचडी. पहिला उपाय स्टेरॉइड. बऱ्याच रुग्णांना ते पुरत नाही, आणि मग मामला जिवावर येतो.

२००४ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्कातल्या कतारिना ल ब्लांक यांच्या गटाने अशाच एका नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या आईच्या मॅरोतल्या स्ट्रोमल पेशी दिल्या. तो सावरला. या पेशी टी पेशींना शांत करतात आणि दाता-रुग्ण जुळणीही काटेकोर लागत नाही. म्हणजे आधीच बनवून गोठवून ठेवता येतात.

पण बनवायच्या कशा? एक हिशेब करू. अमेरिकेत मान्य झालेला डोस दर किलोला २० लाख पेशी, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. ३० किलोच्या मुलाला एका वेळी ६ कोटी, एकूण ४८ कोटी. मॅरोतल्या केंद्रक असलेल्या दहा हजार ते लाखभर पेशींमागे अशी पेशी जेमतेम एक. समजा हाती १० हजार लागल्या, तर त्या ४८ हजार पट वाढवायच्या. म्हणजे १५-१६ वेळा दुप्पट! आणि प्रत्येक दुपटीला पेशी म्हातारी होत जाते, शेवटी विभाजनच थांबवते. त्यात वाढीसाठी वासराचं सीरम वापरायचं की रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या प्लेटलेट्सचा अर्क, यावरही पेशींचा स्वभाव बदलतो.

ओळख पटवायला २००६ चे निकष आहेत: प्लास्टिकला चिकटणं, सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ असणं, सीडी४५ नसणं, हाड-चरबी-कूर्चा बनवता येणं. नेटच्या तयारीत हे सगळे पाठ करतात. पण हे फक्त आधारकार्ड झालं. पेशी टी पेशींना रोखेल का, हे त्यातून अजिबात कळत नाही. त्यासाठी वेगळी पोटेन्सी टेस्ट लागते, आणि माझ्या मते या क्षेत्रातला खरा पेच तोच आहे.

पुरावा हवा? २००९ मध्ये ओसायरिस कंपनीच्या मोठ्या चाचण्या अपेक्षित निकाल देऊ शकल्या नाहीत. तेच उत्पादन पुढे मेसोब्लास्टकडे गेलं. ५४ मुलांच्या चाचणीत २८ व्या दिवशी ७० टक्के मुलांनी प्रतिसाद दिला. तरीही अमेरिकी एफडीएने २०२० आणि २०२३ मध्ये नकार दिला. पोटेन्सी टेस्टचं रुग्णाच्या निकालाशी नातं काय, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. मंजुरी मिळाली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि तीही फक्त मुलांसाठी.

आपल्याकडे फ्लास्कमध्ये वाढवलेली पेशी ही औषधच धरतात, त्यामुळे २०१९ चे नवीन औषध व क्लिनिकल चाचणी नियम लागू होतात. बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्सने अनेक दात्यांच्या पेशी एकत्र करून बनवलेल्या स्टेम्प्युसेलला इथे परवानगी आहे, पण ती पायाच्या रक्तवाहिन्यांच्या आणि गुडघ्याच्या आजारासाठी. एकत्र का? एकेका दात्याच्या पेशींतला फरक थोडा सपाट व्हावा म्हणून.

आता गंमत बघा. २०१७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटाने दाखवलं की या पेशी रुग्णाच्या शरीरात मारल्या जातात, आणि ज्यांचं रक्त त्यांना मारू शकतं त्याच रुग्णांना फायदा होतो. मरणाऱ्या पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशीच पुढचं शमनाचं काम करतात. मग टेस्ट पिशवीतल्या पेशींची करायची, की रुग्णाच्या रक्ताची?