५६ केबीपीएस मॉडेम : वेग कुठे वाढे, कुठे नाही

• १५ ऑगस्ट १९९५ : विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथे सुरू. हैदराबादचा नंबर नंतर लागला.

• व्ही.९० हे मॉडेमचं मानक (१९९८) : उतरताना ५६ केबीपीएस, तेही कागदावर, चढवताना ३३.६.

• कॉम्प्रेशन : मजकुरात पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरमालिकेऐवजी मॉडेम छोटा संकेत पाठवतो, पलीकडचा मॉडेम तो उलगडतो. लाइनचा वेग तोच, बिट कमी. एमएनपी-५ या कॉम्प्रेशन पद्धतीत जास्तीत जास्त २:१, व्ही.४२बिसमध्ये ४:१, व्ही.४४मध्ये (२०००) ६:१.

• झिप, जेपीईजी, एमपी३ फाइली आधीच दाबलेल्या. फायदा जवळपास शून्य. एमएनपी-५ अशा फाइली उलट फुगवी. व्ही.४२बिस मात्र हे ओळखून कॉम्प्रेशन थांबवी.

• १ एमबीची झिप, ५० केबीपीएस जोडणी : सुमारे पावणेतीन मिनिटं. तेवढाच साधा मजकूर : दीड मिनिटाच्या आसपास. त्याहून कमी वेळ सहसा नाही, कारण संगणकाचा सिरियल पोर्टच सेकंदाला १,१५,२०० बिटांवर अडे आणि तिथे दर बाइटमागे स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट जात. पोर्ट ३८,४०० वर राहिला, तर कॉम्प्रेशन असूनही काही उपयोग नाही.