काय अडवायचं आणि काय नाही



खुरपणीच्या रानात आडोसा नसतो, म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही. लघवी आली तरी अंधार पडेपर्यंत धरून ठेवतो. घरी सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्यात उरेल ते खातो. वर म्हणतो, बाईनं सोसावंच. पण जुन्या जाणत्यांनी याला कधी पुण्य म्हटलं होतं का?

चरकसंहिता हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ. त्यात माणसाच्या तीन इच्छा सांगितल्यात: जगण्याची, धनाची आणि परलोकाची. पहिला मान जगण्याला, कारण जीव गेला की बाकी सगळंच गेलं. याच ग्रंथात कधी अडवू नयेत असे शरीराचे 13 वेग मोजलेत. लघवी, शौच, भूक, तहान, झोप, शिंक, एवढंच काय, डोळ्यांतलं पाणीसुद्धा त्यात येतं. अडवायचं ते निराळं: लोभ, राग, मत्सर, गर्व. आपल्याला मात्र भूक-तहानच अडवायला शिकवलं गेलं.

दूर रोममध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेनेका नावाचा विचारवंत होता. तो म्हणतो, उलटं पडलेलं कासव दुखत नसतानाही सरळ व्हायला धडपडतं. चालायला शिकणारं मूल पडतं, रडतं, पुन्हा उठतं. प्रत्येक जिवाला आपल्या शरीराची जाण आणि काळजी जन्मापासूनच असते. 17व्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पहिल्या दशकातला शेवटचा समास नरदेहाच्या स्तुतीला दिला. त्याच शतकात हॉलंडच्या स्पिनोझानं लिहिलं की, स्वतःला टिकवण्याची धडपड हाच सद्गुणाचा पाया.

कुणी विचारेल, मग आपल्या पुण्यातल्या सावित्रीबाई फुल्यांचं काय? 1897च्या प्लेगमध्ये त्यांनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. तोच आजार त्यांना जडला आणि 10 मार्चला त्या गेल्या. पण तो धोका त्यांनी जाणूनबुजून पत्करला, एक जीव वाचवण्यासाठी. आपण दिवसभर लघवी धरतो, तेव्हा कुणाचा जीव वाचतो? कुणाचाच नाही. उलट पाणी कमी पिऊन लघवी अडवली की मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग व्हायचा धोका वाढतो.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवूया. शेतावर चार काठ्या आणि जुनी साडी लावून आडोसा करायचा. पाण्याची कळशी सोबत न्यायची आणि ती रिकामी करूनच परतायचं. घरी सगळ्यांबरोबर ताट वाढून घ्यायचं. लघवीला जळजळ, ताप किंवा कमरेत दुखणं असेल, तर आशाताईंना सांगून दवाखाना गाठायचा. यात स्वार्थ कसला? शरीर हाक देतं, ती ऐकायची, इतकंच.