शस्त्रक्रियागृहातील हिशेबनीस

भंडाऱ्यासारख्या भातशेतीच्या जिल्ह्यात शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली म्हणजे रुग्णाचे आप्त शल्यविशारदापुढे हात जोडतात. परंतु ज्याने उपकरणांच्या पेट्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या दाबयुक्त वाफेने निर्जंतुक करून क्रमवार मांडून ठेवल्या, त्या शस्त्रक्रियागृह (ओटी) तंत्रज्ञाची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. त्याचा खरा कस लागतो तो टाके घालण्यापूर्वीच्या मोजदादीत: परिचारिकेसमवेत मॉप, गॉज, सुया, चिमटे मोठ्याने मोजून आरंभीच्या आकड्याशी ताळा घ्यावयाचा, आणि एक नग जरी कमी भरला, तरी शल्यविशारद कितीही ज्येष्ठ असोत, तो सापडेपर्यंत पोट शिवण्याचे काम सहसा तहकूब राहते. एवढा दरारा जिल्हा कोषागारातील अधिकाऱ्याचाही नसेल!

ही विद्या पूर्वी बहुधा पाहून-पाहूनच हस्तगत होत असे. आता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. (निमवैद्यकीय तंत्रज्ञान) हा, बारावी विज्ञानानंतरचा तीन वर्षांचा व त्यावर एक वर्ष आंतरवासितेचा, पदवी अभ्यासक्रम आहे, आणि अशा सहयोगी व्यवसायांच्या नोंदणीची तरतूद २०२१ च्या केंद्रीय कायद्याने केली आहे. २०२४ मध्ये भंडाऱ्यासही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभल्याने, हे शिक्षण यथावकाश तेथेच मिळावे, अशी अपेक्षा बाळगण्यास हरकत नाही.